ताग फुलावर आलाय

२९ ऑगस्ट

आई,

नमस्कार. रागात लिहितेय, त्यामुळे नमस्कारही रागातलाच आहे, पण आहे.

भावजी, हे पत्र आईंना तुम्हीच वाचून दाखवणार. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं चष्म्याशिवाय दिसत नाही, हे मला तुमच्याहून जास्त कळतं. एकवीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काचा घासतेय. तेव्हा एकच विनंती. मधलं काही गाळू नका, आणि बातम्या वाचल्यासारखं वाचू नका. मी जिथे चिडलेय तिथे चिडून वाचा.

तर आई, तुम्हाला जाऊन पाच दिवस झाले. पाच दिवसांत मी सात वेळा फोन केला आणि सातही वेळा तुम्ही झोपलेल्या होतात. सकाळी अकरालासुद्धा. इस्पितळाच्या धुलाईघरात तीस वर्षं पहाटे पाचला हजर असणारी बाई सकाळी अकराला झोपते, यावर भावजींचा विश्वास बसत असेल, माझा बसत नाही. बोलायचं नसेल तर तसं सांगा. झोपेचं सोंग कशाला?

काल भावजी म्हणाले, एकवीस तारखेला, रविवारी टेम्पो घेऊन येतो आणि आईचं कपाट आणि पलंग घेऊन जातो. "वहिनी, चालेल ना तुम्हाला?" मी म्हटलं, चालेल. न चालायला काय झालं? कपाट तुमचं, पलंग तुमचा, मुलगा तुमचा. पण कपाट गेलं की तुम्ही गेलात, एवढं न कळण्याइतकी मी बावळट नाही. म्हणजे माझ्याकडे तीन आठवडे आहेत. म्हणून लिहायला बसले.

भावजींना भांडणाची एकच बाजू कळली असेल. आता दुसरी ऐका.

घरामागे तीन वाफे. ह्यांनी सुट्टीच्या दिवशी विटा लावून बांधलेले. हे गेले आणि त्यानंतर दोन वर्षं तुम्ही त्या वाफ्यांतून उठला नाहीत. वांगी निघाली की पालक, पालक निघाला की टोमॅटो, टोमॅटो निघाले की पुन्हा वांगी. मातीला एक दिवस उसंत नाही. आणि पीक निघालं रे निघालं की वाफा झाडून लख्ख. पान नाही, काडी नाही, मुळाचा धागा नाही. सगळं भरून कचऱ्याच्या गाडीत. इस्त्री केलेल्या चादरीसारखी माती दिसली की मग तुम्ही हात धुवायच्या. मी कधी तोंड उघडलं का? नाही.

पण गेल्या वर्षी वांगी लिंबाएवढी झाली. यंदा टोमॅटोची पानं खालून पिवळी पडत गेली. पाणी घातलं की वर तळं साचायचं, सुकलं की भेगा पडायच्या. कुदळ मारली तर टण्ण असा आवाज यायचा. तुम्ही म्हणालात, बियाणंच भिकार. मी तेव्हाही गप्प बसले.

तुम्ही ऑपरेशनसाठी भावजींकडे गेलात, तेव्हा मी मूठभर माती कागदात बांधून बियाण्यांच्या दुकानात नेली. दुकानातले काका म्हणजे एक नंबरचे तुसडे. त्यांनी माती बोटांत चुरली, वास घेतला आणि मला विचारलं, "हिच्यातून काढता ते दिसतंय. घालता काय?" मी म्हटलं, पाणी. दुकानात चार माणसं होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हणाले, ताग पेरा. दाट पेरा. दीड-दोन महिन्यांत छातीला लागेल. पिवळी फुलं यायला लागली की कापा, बारीक तुकडे करा आणि तिथल्या तिथे मातीत मिसळा. तो खायचा नाही, विकायचा नाही, मातीसाठीच वाढवायचा. त्यानंतर तीन आठवडे थांबा आणि मग काय हवं ते लावा.

मी एकोणीस जुलैला पेरला. तुम्ही चोवीस ऑगस्टला परत आलात, पिशवीसुद्धा खाली न ठेवता थेट मागे गेलात, आणि बघता तर कमरेएवढं रान. मग जे झालं ते झालं.

मी फक्त इतकंच म्हटलं होतं, की वाफ्यांना जरा आराम मिळू दे. यात माझं काय चुकलं ते कळवा. म्हणजे भावजींना सांगा, ते कळवतील.

तुमची सून

ता. क. तुमच्या चष्म्याच्या काचा अजून आल्या नाहीत. आल्या की बसवते.


४ सप्टेंबर

आई,

भावजींचं उत्तर मिळालं. अक्षर छान आहे त्यांचं. "आई बरी आहे. तुमचं पत्र वाचून दाखवलं. आई म्हणाली, ठीक आहे." बस्स. चार पानं लिहिली मी! बोटाला काच लागलीय, त्याच बोटाने लिहिली. आणि उत्तर काय, तर ठीक आहे. भांड्यांचा ढीग घासून झाल्यावरसुद्धा तुम्ही याहून जास्त बोलायच्या.

इथलं सांगते. ताग माझ्या हनुवटीला लागलाय. काकांनी सांगितलं त्याहून मी जरा जास्तच बी टाकलं, कारण हात आखडता घ्यायची सवय मला नाही. वारा आला की सगळा एका बाजूला झुकतो आणि भिंतीवरून शेजारच्या मोठ्या बाईंच्या आवारात डोकावतो. त्या निवृत्त झाल्या, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. परवा भिंतीपलीकडून आवाज आला, "अहो, हे काय चालवलंय? साप निघतील साप!" मी म्हटलं, निघाले की तुम्हाला दाखवीन. त्यावर म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई होत्या तेव्हा कशी टापटीप होती. कुठे आहेत त्या?"

मी म्हटलं, धाकट्या मुलाकडे आहेत, विश्रांतीला. त्या हं म्हणाल्या. त्यांचा तो हं तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं असणार.

बाकी घरात सगळं उत्तम आहे. पाण्याची मोटर बंद कर म्हणून ओरडणारं कोणी नाही, त्यामुळे टाकी दोनदा वाहिली. दुकानातून आले की कुलूप मीच उघडते, आणि किल्ली पर्समध्ये सापडत नाही, कारण तुम्ही घरी असताना ती कधी लागायचीच नाही. काल दारातच पर्स उलटी केली. समोरच्यांनी बघितलं. बघू देत.

आता एक खरं सांगते. आराम द्या, हे मी फक्त वाफ्यांबद्दल म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, वाफ्यांना आराम द्या आणि तुम्हीही घ्या. त्यावर तुम्ही म्हणालात, "माझ्या हातातलं काम काढून घेतलंस तू." आणि तो विळा, जो मला धड धरताही येत नाही, तुम्ही माझ्या पायाशी टाकलात. लागला असता म्हणजे? मग मीही बोलले. काय बोलले ते भावजींच्या तोंडून तुम्हाला ऐकवणार नाही. तुम्हाला आठवतंय, मला आठवतंय, तेवढं पुरे.

पण तुम्हीही काही कमी बोलला नाहीत. हेही त्यांना वाचू दे.

तुमची सून

ता. क. काचा अजून नाहीत. पुरवठादार उशीर करतोय.


९ सप्टेंबर

आई,

ताग फुलावर आलाय. काल सकाळी मधल्या वाफ्यात पहिलं पिवळं फूल दिसलं, आज दहा-बारा आहेत. आनंदाने सांगते आहे असं समजू नका. मी आज इतकी वैतागलेय की दुकानात दोन काचा उलट्या घासल्या. डावी उजवीकडे बसवली. मालक काही बोलले नाहीत, पण नवीन काचा काढून माझ्यासमोर ठेवल्या, ते बोलण्याहून वाईट.

काय झालं ते सांगते. रविवारी माझ्या डोक्यात आलं की तुम्ही चिडलात ते त्या रानावरून. तुम्हाला लख्ख वाफा लागतो ना? मग देते लख्ख वाफा. सकाळी सहाला सुरुवात केली. भिंतीकडच्या पहिल्या वाफ्यातला ताग मुळासकट उपटला, एकेक जुडी आपटून माती झाडली, पाच गोण्या भरल्या आणि कचऱ्याच्या गाडीत घातल्या. मग तुमच्या झाडूने वाफा झाडला, तुम्ही झाडता तसा, आधी आडवा आणि मग उभा. कंबर मोडली. फोटो काढला, भावजींना पाठवला आणि लिहिलं, आईंना दाखवा. भावजींचं उत्तर आलं, "छान. आईने पाहिला."

मला इतकं बरं वाटलं की मी ते काकांना सांगायला गेले. शाबासकी मिळेल म्हणून!

काका म्हणाले, "मुळं कुठे आहेत?"

मी म्हटलं, कचऱ्यात.

काका मटकन स्टुलावर बसले. "अहो बाई, तागाच्या मुळांना गाठी असतात. बारीक, दाण्यांसारख्या. मातीला लागतं ते बरंचसं त्या गाठींतच साठतं. दीड महिना त्याने जमवलं आणि तुम्ही उचलून गाडीत घातलंत? कापायचा असतो तो. मुळं खाली राहू द्यायची, पाला वरून मिसळायचा. उपटायला कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं म्हणून काय सांगू? माझ्या सासूबाईंना आवडतं म्हणून उपटला, हे त्या माणसाला सांगू? घरी येऊन पाहिलं तर वाफा जुलैत होता त्याहून कडक. वर पाणी मारलं, तळं साचलं. तुमच्यासाठी काहीतरी करायला गेले आणि तेही मातीत गेलं, नव्हे, मातीतही नाही गेलं, कचऱ्यात गेलं.

मग भांडी घासताना आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि मी तशीच साबणाच्या हाताने खुर्चीवर बसले. फोटो भावजींच्या फोनवर होता. फोन जवळ धरून बघतात. तुम्हाला जवळचं दिसत नाही. म्हणजे तुम्ही तो वाफा पाहिलाच नाहीत. मातकट ठिपका पाहिला असेल आणि मान हलवली असेल.

चष्मा का नाही? तर पुरवठादाराने उशीर केला म्हणून नाही. काचा सत्तावीस ऑगस्टलाच आल्यात. माझ्या खणात कागदात गुंडाळून पडल्यात. अर्ध्या तासाचं काम होतं. मी मुद्दाम केलं नाही. म्हटलं, बसू देत तसंच, कळू दे माझ्याशिवाय काय अडतं ते. भावजी, हे वाचताना माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू द्या, पण वाचा.

आज सकाळी भावजींचा फोन आला. सहज म्हणाले, "वहिनी, इथे कोपऱ्यावरच दुकान आहे, दोनदा म्हटलं करून घेऊ. आई ऐकत नाही. म्हणते, माझा चष्मा माझी सून करते."

मी फोन ठेवला. तुम्ही असं का वागता? रागावला आहात तर नीट रागवा ना! माझ्या नावाने खडे फोडा, कोपऱ्यावरचा चष्मा घाला. तुम्ही तिथे आंधळ्यासारख्या बसून राहता आणि इथे मला मान खाली घालायला लावता, याला काय म्हणायचं?

काका म्हणालेत, उरलेले दोन वाफे आठवड्याभरात कापा. त्यानंतर काठ्या होतात, कुजता कुजत नाहीत. सोमवारी सुट्टी घेतलीय.

तुमची सून


१२ सप्टेंबर

भावजी,

डबीत आईंचा चष्मा आहे. सोबतचं बंद पाकीट त्यांचं आहे. आधी चष्मा द्या, मग पाकीट द्या, आणि मग कृपा करून खोलीतून बाहेर जा. जाऊबाईंनाही घेऊन जा.

वहिनी


१२ सप्टेंबर
(हे फक्त आईंसाठी)

आई,

चष्मा नाकावर जरा खाली घ्या आणि कागद हातभर लांब धरा. मोठ्या अक्षरात लिहितेय. दिसतंय ना? आता आपण दोघीच आहोत.

त्या दिवशी मी म्हणाले, "तुमचा मुलगा गेला. आता इथे तुमचं काय उरलंय?"

लिहितानाही हात थांबला. पण बोलले तेव्हा तोंड थांबलं नव्हतं. आत गेलात, पिशवी भरलीत, रिक्षा बोलावलीत. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला वाटत होतं, आता वळतील, आता काहीतरी बोलतील, मग मी माफी मागीन. तुम्ही वळला नाहीत, आणि मीही मागितली नाही. आता मागते. चुकलं माझं. असं बोलायला नको होतं, आणि ते खरंही नव्हतं.

पण इतकी कडू कशी झाले, तेही तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर ही माफी अर्धीच राहील.

हे गेल्यावर महिन्याच्या आत तुम्ही ह्यांचे सगळे कपडे धुतलेत, इस्त्री केलीत, घड्या घातल्यात आणि देऊन टाकलेत. मी दुकानातून आले तर कपाटाची एक बाजू रिकामी, आणि आतून ओल्या फडक्याने पुसलेली. मला विचारलं नाहीत. आई, एक शर्ट तरी मळका ठेवायचा होता. मी तुम्हाला तेव्हा काही बोलले नाही. सगळे म्हणत होते, आईच्या दुःखापुढे कोणाचं दुःख मोठं? मीही तेच म्हणत होते. मला तिसऱ्या आठवड्यात दुकानात जायचं होतं.

त्यानंतर दोन वर्षं रोज सकाळी सहाला मागच्या अंगणातून झाडूचा आवाज यायचा. मी अंथरुणात पडून ऐकायची आणि दात आवळायची. वाटायचं, या बाईला काहीच मागे राहिलेलं खपत नाही. पान पडलं, झाडलं. मूळ राहिलं, उपटलं. माणूस गेला, पुसून टाकला. तुम्ही तसं करत नव्हता हे मला कळत होतं. तरी राग यायचा.

म्हणून ताग पेरला तेव्हा मातीचं तर होतंच, पण खरं सांगू? मागे काहीतरी उभं असलेलं मला बघायचं होतं. सकाळी खिडकी उघडली की हिरवं, दाट, न झाडलेलं. तुम्ही आलात, त्याला रान म्हणालात, विळा काढलात, आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. तुमचं इथे काय उरलंय असं तुम्हाला विचारलं, पण माझं काय उरलंय हे मलाही सांगता आलं नसतं. हे घर कागदावर माझं आहे. रविवारी दिवसभर त्यात मी एकटीच असते, आणि तेव्हा ते माझं वाटत नाही.

सोमवारी कापणार आहे. या वेळी मुळं राहू देईन.

या. एवढं लिहायला चार पत्रं लागली. कपाट नेऊ नका. या.

तुमची सून


१६ सप्टेंबर

आई,

चष्मा पोचला असं भावजींनी कळवलंय. पाकीटही दिलं म्हणाले. म्हणजे तुम्ही वाचलंय. चार दिवस झाले. माझ्या फोनवर अजूनही तुम्ही झोपलेल्याच आहात.

बरं.

काल ताग कापला. विळ्याने जमेना, मग स्वयंपाकघरातली मोठी सुरी घेतली, ती अर्ध्या तासात बोथट झाली. दोन्ही तळव्यांना फोड आले. चष्म्याच्या दुकानात बसून मऊ झालेत हात, दुसरं काय. मोठ्या बाई भिंतीपलीकडून बघत होत्या. मी म्हटलं, आता साप शोधायला येतील. त्या खरंच आल्या, फाटकातून, स्वतःचा विळा घेऊन. सत्तरी ओलांडलेली बाई! म्हणाल्या, "सरका. मनगटाने नाही, खांद्याने ओढायचं." आणि खाली वाकून सपासप कापायला लागल्या. मग तुकडे करताना मला सांगत होत्या, तुकडे सारखे करा, हा मोठा झाला, तो परत करा. मी निमूट केले. मधला वाफा दुपारपर्यंत झाला. तिसऱ्यातला कडेचा ताग आत्ताच काठीसारखा झालाय, त्याचे तुकडे करताना सुरीची मूठच निघाली. तरी केला. मातीत मिसळून वर पाणी मारलं. मातीत बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. हे कोणाला सांगणार? मोठ्या बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, हं.

पण हा वेगळा हं होता.

तर आई, मी माझं सगळं बोलून झालंय. माफी मागितली, या म्हणाले, आणखी काय करू? पाया पडायला भावजींच्या चौथ्या मजल्यावर येऊ? आले असते. पण तुम्ही झोपेचं सोंग घेऊन पडला असता तर मला तो जिना उतरता आला नसता.

कपाट मी बाहेरच्या खोलीत सरकवून ठेवलंय. एकटीने सरकवलं, फरशीला ओरखडा पडलाय. शनिवारपर्यंत तुमचं काही आलं नाही, तर उत्तर कळलं असं समजेन आणि पलंगही उघडून ठेवीन. म्हणजे रविवारी टेम्पोवाल्याला खोळंबा नको.

तुमची सून


१९ सप्टेंबर

सूनबाई,

आशीर्वाद. ते तुझ्या माझ्या भांडणात येत नाहीत.

चष्मा उत्तम झालाय. नंबर बरोबर आहे. डाव्या बाजूला नाकाला जरा टोचतो, ते तू बघ.

आधी ऐक, मी तुला उत्तर का दिलं नाही. तुझं बंद पाकीट वाचलं, तेव्हा त्यात चार पत्रांचा उल्लेख दिसला. मला वाटलं, आधीच्या तीन पत्रांत असं काय होतं? धाकटा तर मला दर वेळी दोन मिनिटांत पत्र वाचून दाखवायचा. "वहिनी बरी आहे, बागेत ताग पेरलाय, तुझी आठवण काढते." मी म्हणायची, ठीक आहे. दुसरं काय म्हणणार? मला वाटलं, एवढं बोलून वर ही मला हवापाण्याची पत्रं लिहितेय. त्याचाच राग होता. पहिले पाच दिवस काय बोलावं ते सुचेना म्हणून, आणि मग या रागाने तुझे फोन घेतले नाहीत. मी जागीच होते.

मग मी त्याच्याकडून सगळी पत्रं मागून घेतली. दोन दिवस देईना. म्हणाला, आई, तुला त्रास होईल, वहिनीने रागाच्या भरात काहीबाही लिहिलंय. मी म्हटलं, आण. काल आणि आज बसून सगळी वाचली. सोळाचं आज दुपारी आलं, तेही वाचलं. जिथे चिडली आहेस तिथे चिडून वाचलं. धाकट्यावर ओरडू नकोस, त्याने चांगल्या मनानेच गाळलं. तो लहानपणापासून भांडणाला घाबरतो.

आता त्या वाक्याचं. मला त्याचा राग आला नव्हता. मला वाटलं, ही बरोबर बोलतेय. मुलगा होता तोवर मुलाचं घर होतं, आता कोणत्या नात्याने राहायचं? म्हणून निघाले. वळून बघितलं असतं तर रडले असते, आणि रिक्षावाला बघत होता.

कपड्यांचं मी तुला विचारायला हवं होतं. इस्पितळात पेशंट गेला की आम्ही पहिलं काय करायचो? खालची चादर काढायची, धुवायची, कडक इस्त्री करून पुन्हा घालायची. तीस वर्षं तेच केलं. मुलगा गेला तेव्हा काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं, तेवढंच माहीत होतं, म्हणून तेच केलं. एकही शर्ट ठेवला नाही गं मी. आता मलाही हवा असता. त्याला उपाय नाही.

उपटलेल्या वाफ्यात पुन्हा ताग पेर. बी थोडं हात राखून टाक. फुलावर आला की तो मी कापीन. मोठ्या बाईंना सांग, खांद्याने ओढायचं ते ठीक, पण डावा पाय पुढे लागतो. आणि झाडायचं मी सोडणार नाही, ते आत्ताच सांगून ठेवते. अंगण झाडीन. वाफे नाही.

पलंग उघडला असशील तर पुन्हा जोड. रविवारी टेम्पो येईल, कारण धाकट्याने तो ठरवून टाकलाय. न्यायला काही नाही, मी बसून येतेय, एवढंच.

आज जेवताना धाकट्याने विचारलं, "तिथे आता तुझं कोण आहे?" मी म्हटलं, सून आहे. तो म्हणाला, "अगं, पण ती तुझ्याशी भांडते." मी म्हटलं, हो, आणि मला तिच्याशी अजून बरंच भांडायचंय.

आई